गियर बदलताना हिसका बसतो? आधी मान कुठे जाते ते बघा

गणपतीच्या आदल्या दिवशी पुण्यात कसब्यातल्या कुंभारवाड्यातून मूर्ती घेऊन आम्ही कोथरूडला निघालो होतो. बाबा पुढच्या सीटवर, त्यांच्या मांडीवर पाट, पाटावर मूर्ती, मूर्तीवर रुमाल. गाडी माझी, महिन्याभरापूर्वी घेतलेली सेकंड हँड अबार्थ पुंटो. लकडी पुलापर्यंत मी किती वेळा गियर बदलला ते मला आठवत नाही, बाबांना आठवतं. दर वेळी ते मूर्तीला कवटाळायचे आणि तोंडाने नुसतं "हं" करायचे. पूल ओलांडल्यावर म्हणाले, "रिक्षाने आलो असतो."

तोवर आठ वर्षं मी साधी छोटी पेट्रोल गाडी चालवत होते आणि माझ्या गियरबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. या गाडीत मात्र पहिल्यावरून दुसरा टाकला की हिसका, स्पीड ब्रेकरच्या आधी तिसऱ्यावरून दुसरा टाकला की हिसका, सिंहगड रोडच्या गर्दीत पहिल्यात रांगताना तर बेडकासारखी उडी. "नवीन गाडी आहे, हात बसेल" असं म्हणत एक महिना गेला, दुसरा गेला, हात काही बसला नाही. एका गॅरेजवाल्याने क्लच प्लेट बदलायला सांगितली. ती बदलली असती तर पैसे गेले असते आणि हिसका तसाच राहिला असता.

आता काही जण म्हणतील की अबार्थ पुंटो ही स्पोर्ट्स कारच नव्हे. खरी स्पोर्ट्स कार म्हणजे दोन सीटची आणि मागच्या चाकांना जोर देणारी. मान्य. पण आपल्या रांजणगावच्या कारखान्यात बनलेली ही गाडी १४०० सीसीच्या टर्बो इंजिनातून १४५ अश्वशक्ती आणि २१२ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, काढते, आणि मधे कुठलंही ऑटोमॅटिक प्रकरण नाही: पाच गियर, तीन पेडल, दोन पाय. पुढे जे लिहिलंय ते कुठल्याही दमदार मॅन्युअल गाडीला लागू पडतं. गाडी जितकी दमदार, तितकी चूक जास्त जाणवते, एवढाच फरक.

माझा गुंता सुटला तो आमच्या सोसायटीतल्या काकांमुळे. काका एसटीतून निवृत्त झालेले. स्वारगेट–महाबळेश्वर, पसरणी घाटातून, वर्षानुवर्षं. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहूनच अहमदनगरला सुटली, हे ते ओळख झाल्यापासून पाच मिनिटांच्या आत सांगतात. त्यांना मी एका रविवारी शेजारी बसवलं. एनडीए रोडपर्यंत ते काही बोलले नाहीत. परत फिरल्यावर म्हणाले, "अगं, गाडीकडे नको बघूस, स्वतःच्या मानेकडे बघ. दुसरा टाकलास की मान मागे जाते. आणि उतरताना, तिसऱ्यावरून दुसरा टाकलास की पुढे जाते. हे दोन वेगवेगळे आजार आहेत, आणि तू दोन्हीला एकच गोळी देतेयस. क्लच हळू सोडतेस."

हे ऐकेपर्यंत माझ्या लेखी हिसका म्हणजे हिसका. त्याला दिशा असते हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मान मागे, मान पुढे

क्लच दाबला की इंजिन आणि चाकं यांची फारकत होते. इंजिन आपल्या वेगाने फिरतं, गियरबॉक्स चाकांच्या वेगाने. क्लच सोडला की दोघांना एकाच वेगाने फिरावं लागतं. त्या क्षणी इंजिन जास्त वेगाने फिरत असेल तर ते गाडीला पुढे ढकलतं, आपण सीटमध्ये मागे जातो: मान मागे. इंजिन कमी वेगाने फिरत असेल तर गाडीच इंजिनला ओढून पळवते, त्यात तिचा वेग अडतो, जणू कुणी ब्रेक मारला: मान पुढे.

म्हणजे मान मागे गेली तर रेस जास्त होती किंवा तुम्ही घाई केली. मान पुढे गेली तर रेस कमी होती. क्लच हळू सोडल्याने दोन्ही हिसके लपतात, हे खरं. वेगातला फरक क्लच प्लेट घासून घासून भरून काढते. पण ती घासते हेही तितकंच खरं, आणि दमदार गाडीत ती जास्त तापते. छोट्या गाडीत मी आठ वर्षं हेच करत होते. तिच्या इंजिनात ढकलायला जोरच नव्हता म्हणून माझी चूक कुणाला कळली नाही.

इथे एक गैरसमज बऱ्याच जणांचा असतो, माझाही होता. गियर आवाज न करता, लोण्यासारखा पडला म्हणजे आपलं काम झालं असं वाटतं. गियर गुपचूप पडतो तो सिंक्रोमुळे. गियरबॉक्सच्या आत पितळी कड्या असतात, त्या घर्षणाने आतल्या चाकांचा वेग आधी सारखा करतात आणि मगच दात एकमेकांत बसू देतात. ही सोय पहिल्यांदा आणली १९२८ मध्ये कॅडिलॅकने, अर्ल थॉम्पसन या इंजिनीयरच्या रचनेवरून. पण सिंक्रो फक्त गियरबॉक्सच्या आतलं सांभाळतो. इंजिनचा वेग चाकांशी जुळवणं हे त्याचं कामच नाही. ते उजव्या पायाचं काम. त्यामुळे दांडा अगदी मऊ पडूनही हिसका बसू शकतो, आणि दांडा खरखरून पडूनही हिसका नसू शकतो. दोन्ही तक्रारी वेगळ्या ठेवा, नाहीतर गॅरेजमध्ये काय सांगायचं तेच कळत नाही.

स्वतःला दोष देण्याआधी दहा मिनिटं

सगळ्यात आधी पायाखालचं मॅट. हसू नका. बाहेरून बसवलेलं जाड मॅट क्लचच्या पेडलखाली गोळा झालं की पेडल शेवटपर्यंत जातच नाही, क्लच पूर्ण सुटत नाही आणि गियर खरखरतो. मॅट काढून एक चक्कर मारा. मग सीट. क्लच तळाला दाबलेला असताना डावा गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा. पाय ताणून टाचेने दाबत असाल तर शेवटची दोन इंचं नशिबावर सोडलेली असतात. चपला, विशेषतः पावसाळ्यात ओल्या तळव्याच्या, गाडीत चालणार नाहीत. मी दाराच्या खणात पातळ तळव्याचे जुने कॅनव्हासचे बूट ठेवते.

मग गाडी. क्लच घसरतोय का हे बघायला मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गियरमध्ये ५० च्या आसपास असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा (इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारा) झपकन वर गेला आणि वेग मात्र मागून रखडत आला, तर क्लच प्लेट संपत आलीय. उलटा आजार म्हणजे क्लच पूर्ण न सुटणं. गाडी उभी, इंजिन चालू, क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तरीही खर्र आवाज आला तर क्लच सुटत नाहीये. मॅट तपासून झालं असेल तर क्लचचं तेल आणि त्याची यंत्रणा दाखवून घ्या. एकच विशिष्ट गियर खरखरत असेल, आणि डबल क्लच (तो कसा मारायचा ते पुढे सांगते) मारल्यावर तोच गियर गप्प पडत असेल, तर त्या गियरचा सिंक्रो झिजलाय. हिसक्याबरोबर बॉनेटखालून "धप्" असा आवाज येत असेल, नुसता अ‍ॅक्सिलरेटर दाबला-सोडला तरी येत असेल, तर इंजिनाचे माउंटिंग बघायला सांगा. रबर मऊ पडलं की अख्खं इंजिन पुढेमागे डुलतं. मग तुम्ही कितीही नाजूक पाय चालवा, उपयोग नाही.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी पहिले दोन किलोमीटर दुसरा गियर जड पडतो, तेल थंड आणि घट्ट असतं म्हणून. तेवढ्यासाठी गॅरेज गाठायची गरज नाही. गियर कोंबू नका, तेल गरम होऊ द्या.

माझ्या गाडीत यातलं काहीच निघालं नाही. खरं सांगायचं तर थोडं वाईटच वाटलं.

वर जाताना: काट्याची उतरंड

काकांनी मला सांगितलं नाही ते मी स्वतः मोजलं, कारण त्यांच्या बसमध्ये ते कानाने चालायचं. तुम्हीही मोजा. सकाळी मोकळ्या रस्त्यावर वेग ४० वर धरून ठेवा आणि दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या गियरमध्ये आरपीएमचा काटा कुठे असतो ते शेजारच्याला कागदावर लिहायला सांगा. पहिल्या-दुसऱ्यासाठी हेच १५–२० वर करा. प्रत्येक जोडीचं प्रमाण ठरलेलं असतं, वेग कुठलाही असो. माझ्या गाडीत ते साधारण असं आलं: पहिल्यावरून दुसऱ्यात काटा निम्म्याहून जरा वर येतो, दुसऱ्यावरून तिसऱ्यात दोन तृतीयांश, तिसऱ्यावरून चौथ्यात पाऊण. पाच गियरच्या बऱ्याच गाड्या याच्या आसपास असतात.

आता पहिल्या गियरमध्ये २५०० पर्यंत नेऊन दुसरा टाकायचा असेल तर क्लच सोडताना काटा १४०० च्या आसपास हवा. म्हणजे इंजिनला ११०० फेरे खाली यायला वेळ द्यायला हवा. मी देत नव्हते. फटकन क्लच, फटकन दांडा, आणि काटा २२०० वर असतानाच क्लच सोडायला सुरुवात. मान मागे. तिसऱ्यावरून चौथ्यात मात्र कधीच हिसका बसत नव्हता, कारण तिथे उतरायचं अंतरच थोडं. याच एका गोष्टीने माझं अर्धं कोडं सुटलं: चूक सगळ्या गियरना एकच होती, फक्त पहिल्या-दुसऱ्यात ती सगळ्यात मोठी दिसत होती.

काकांचा उपाय असा: "न्यूट्रलला आलीस की मनात 'विठ्ठल' म्हण, मग पुढचा टाक." पहिल्यावरून दुसऱ्याला दोनदा विठ्ठल, दुसऱ्यावरून तिसऱ्याला एकदा, पुढे नाही म्हटलं तरी चालतं. ऐकायला गंमत वाटते, पण घड्याळ लावल्यासारखं काम करतं. हात आपोआप सैल पडतो, दांडा सरळ रेषेत ओढला जात नाही, न्यूट्रलमध्ये एक श्वास घेतो.

इथे नव्या गाड्यांचा एक स्वभाव सांगायला हवा, जो काकांना ठाऊक नव्हता आणि मला उशिरा कळला. अ‍ॅक्सिलरेटरला आता तार नसते, सगळा इलेक्ट्रॉनिक कारभार. पाय उचलला तरी धुराचे नियम पाळण्यासाठी इंजिनचा संगणक हवेची झडप हळूहळू बंद करतो, त्यात फ्लायव्हीलची, म्हणजे इंजिनला जोडलेल्या जड चाकाची, भर, आणि काटा क्षणभर वरच टांगून राहतो. कधी कधी तर क्लच दाबल्यावर शंभर-दोनशेने आणखी वर जातो. तसं होत असेल तर तुमचा उजवा पाय डाव्याच्या मागे राहतोय. क्लच दाबायच्या अगदी किंचित आधी अ‍ॅक्सिलरेटर सोडा. किंचित म्हणजे खरंच किंचित. जास्त आधी सोडलात तर गाडी इंजिनवर अडखळेल आणि मान पुढे जाईल. टर्बो गाडीत जोर चढलेला असताना हे आणखी महत्त्वाचं. दुसऱ्या गियरमध्ये अर्ध्याहून जास्त पेडल दाबून, २५०० ला टर्बो ऐन भरात असताना गियर बदलायची हौस शहरात कशाला? पाय थोडा हलका करा, एक क्षण जोर ओसरू द्या, मग क्लच.

आणि पहिला गियर गाडी हलवण्यापुरता. गाडीची लांबी-दीड लांबी पुढे सरकलात, काटा २००० च्या जवळ आला, की दुसरा. कर्वे रोडच्या सिग्नलला पहिल्यात ४००० पर्यंत ताणून काही मिळत नाही. पुढच्या सिग्नलला तो स्कूटरवाला तुमच्या शेजारीच उभा असतो.

क्लच सोडण्याची पद्धत सांगणं अवघड आहे, पण प्रयत्न करते. वरचा मोकळा भाग पटकन सोडायचा. पकड सुरू होते तिथे एक पापणी लवेपर्यंत थांबायचं, तेव्हाच उजव्या पायाने हलकी रेस द्यायला सुरुवात करायची, आणि उरलेला क्लच सोडून पाय पूर्ण बाजूला घ्यायचा. पकड नेमकी कुठे सुरू होते ते शोधायला सपाट पार्किंगमध्ये अ‍ॅक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, न लावता नुसत्या क्लचवर गाडी हलवा. दहा वेळा. एसी बंद ठेवा. काँप्रेसर सुरू झाला की इंजिनवरचा भार बदलतो आणि तुमचा अंदाज चुकतो. दहातल्या तीन वेळा गाडी बंद पडेल, पडू दे.

खाली येताना: दीडपट

पुण्यात खाली उतरणारे गियर जास्त महत्त्वाचे. आपल्याकडे दर दोनशे पावलांवर स्पीड ब्रेकर, त्यातले निम्मे पट्टे पुसलेले, काही तर कुणीतरी रात्रीत घरापुढे बांधून घेतल्यासारखे. तिसऱ्यात ३० ने चाललोय, समोर उंचवटा, ब्रेक, दुसरा. मान पुढे.

इथे हिशोब उलटा. तिसऱ्यावरून दुसऱ्यात काटा दीडपट व्हायला हवा. २५ च्या आसपास तिसऱ्यात १२०० असेल तर दुसऱ्यात १८०० हवा. पण क्लच दाबला की काटा वर जायचं सोडून ८०० कडे निघतो. क्लच सोडला की हजारभर फेऱ्यांची ती दरी भरायला गाडीच इंजिनला खेचते, आणि तुम्ही, बाबा, मूर्ती, सगळे पुढे.

उपाय म्हणजे क्लच दाबलेला असताना अ‍ॅक्सिलरेटरला एक टिचकी. दुसरा पडला, टिचकी, काटा १८०० च्या वर जरासा जाऊन खाली यायला लागला, तेवढ्यात क्लच सोडा. वर जाणाऱ्या काट्यापेक्षा उतरणाऱ्या काट्याला पकडणं सोपं, म्हणून थोडी जास्त रेस चालते. पहिल्या आठवड्यात मी एवढ्या मोठ्या टिचक्या मारल्या की वॉचमनला वाटलं मी शर्यतीला निघालेय. पायाचा चवडा नव्हे, अंगठ्याने दार ठोठावल्यासारखं.

याला डबल क्लच म्हणू नका; काका चिडतात. डबल क्लच म्हणजे क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच दाबून गियर. त्यांच्या सुरुवातीच्या बसना सिंक्रो नव्हते, तिथे ते केल्याशिवाय गियर पडायचाच नाही. आपल्या गाडीत सिंक्रो ते काम करतो. जुनी, झिजलेल्या सिंक्रोची गाडी असेल तर जरूर मारा, नसेल तर नुसती टिचकी पुरे.

ब्रेक आणि टिचकी एकत्र कसे, हा पुढचा प्रश्न. पाय दोनच. सरळ उत्तर: शहरात एकत्र करू नका. तिसऱ्यातच ब्रेक मारून वेग हवा तितका उतरवा, ब्रेक सोडा, मग क्लच, दुसरा, टिचकी, क्लच. स्पीड ब्रेकर दहा-पंधरा पावलांवर असतानाच हे उरकलेलं हवं. उंचवट्यावर चाक चढताना क्लच दाबलेला नको.

हील-टोच्या व्हिडिओंनी मला महिनाभर छळलं. ब्रेकवर चवडा, आणि पायाची बाहेरची कड कलंडवून अ‍ॅक्सिलरेटरला टिचकी. घरी, इंजिन बंद ठेवून, छान जमायचं. रस्त्यावर पाय पोचायचाच नाही. मला वाटलं माझे पाय लहान. कारण वेगळंच आहे: हलका ब्रेक मारताना ब्रेकचं पेडल अ‍ॅक्सिलरेटरपेक्षा बरंच वर असतं. जोरात ब्रेक मारला की ते खाली जाऊन दोन्ही एका पातळीत येतात. ही युक्ती जोरदार ब्रेकिंगसाठीच जन्मलेली आहे, शर्यतीच्या ट्रॅकवरची. पौड रोडवर ती जमत नाही यात तुमचा दोष नाही, आणि तिथे सराव करण्याइतका जोरात ब्रेक मारलात तर मागचा टेम्पो तुमच्या डिकीत येईल.

सरावाला मी बोपदेव घाट निवडला, रविवारी सकाळी साडेसहाला, कोंढव्याकडून वर. वळणाआधी तिसऱ्यावरून दुसरा, वळणातून बाहेर आलं की परत तिसरा, पुन्हा पुन्हा. चढावर एक फायदा असतो: अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गाडी आपसूक मंदावते, ब्रेकचं लचांड मधे येत नाही, नुसत्या टिचकीकडे लक्ष देता येतं. वेगाचा यात काही संबंध नाही. ३० नेसुद्धा हिसका कळतो, आणि सायकलवाले तिथे आपल्या आधी आलेले असतात.

उतारावर न्यूट्रल करायची सवय असेल तर ती मात्र आजच सोडा. नवले पुलाच्या उताराने पुणेकरांना याची पुरेशी उदाहरणं दाखवली आहेत. पेट्रोल वाचतं हाही भ्रमच: गाडी गियरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की आजकालची इंजिनं इंधन बंद करतात, चाकंच इंजिन फिरवतात, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहतं.

गर्दीतली बेडूकउडी

राहिला तिसरा आजार, ज्यात गियर बदलतच नाही. पहिल्यात ७-८ च्या वेगाने रांगताना गाडी पुढे-मागे-पुढे-मागे उचक्या देते. मान दोन्हीकडे.

यात गंमत अशी की उचक्या आपणच चालू ठेवतो. गाडी पुढे उसळली की अंग मागे जातं, पाय पेडलवरून सुटतो. पाय सुटला की गाडी अडते, अंग पुढे येतं, पाय पेडलवर दाबला जातो. की पुन्हा उसळी. पायाला टेकू द्या. टाच फरशीवर रोवा आणि बुटाची बाजू मधल्या कन्सोलला टेकवून ठेवा. अंग हललं तरी चवडा हलणार नाही. तरीही उचक्या सुरू झाल्याच तर रेस कमी-जास्त करत बसू नका, क्लच किंचित दाबा, दोन सेकंदांत शांत होईल. मग त्याच क्लचवर पाय ठेवून विसरू नका. हाफ क्लचवर राजाराम पुलापासून धायरीपर्यंत जाणारे लोक मी पाहिलेत. प्लेट तापते, बेअरिंग झिजतं, आणि काही महिन्यांनी गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं ठरतं. पुढच्या गाडीशी दोन गाड्यांचं अंतर पडू द्यावं, मग एकदाच सरकावं. त्या अंतरात रिक्षा घुसेल. घुसू द्या.

सोसायटीच्या तळघरातला चढ हे वेगळं प्रकरण. आमचा इतका उभा आहे की बॉनेटपुढे फक्त आकाश दिसतं, आणि वर नेमका कुणीतरी स्कूटर लावून फोनवर बोलत असतो. तिथे हँडब्रेक. हँडब्रेक ओढा, क्लच पकडीपर्यंत सोडा, गाडीचं नाक जरा वर उचललं जातं, इंजिनचा आवाज जड होतो, तेव्हा रेस देत हँडब्रेक सोडा. ब्रेकवरून अ‍ॅक्सिलरेटरवर उडी मारायची घाई राहत नाही, म्हणून हिसकाही नाही. मागे गाडी चिकटून उभी असेल तर आधी आरशात बघून तिच्या मालकाला हात करा.

लोकांनी मला सुचवलेले आणि मी न केलेले उपाय: आखूड दांड्याची किट, जड गियर नॉब, "स्पोर्ट्स" क्लच, इंजिनचं रिमॅप, म्हणजे जोर वाढवायला त्याच्या संगणकाची मांडणी बदलणं. आखूड दांड्याने हात लवकर पोचतो, म्हणजे काट्याला उतरायला आणखी कमी वेळ. "स्पोर्ट्स" क्लचची पकड अचानक येते. रिमॅपने टॉर्क वाढतो, म्हणजे ढकलणारा जोर वाढतो. हिसक्याची तक्रार असलेल्या माणसाने या गोष्टी विकत घेणं म्हणजे खोकल्यावर आइसक्रीम.

मला साधारण सहा आठवडे लागले, रोज कोथरूड ते बाणेर ऑफिसची ये-जा आणि रविवारचा घाट धरून. आधी वर जाणारे गियर सुधारले, दोन आठवड्यांत. टिचकी जमायला महिना. पहिल्या-दुसऱ्यात थंड इंजिनावर अजूनही दहातून एकदा मान मागे जाते. तेव्हा मी शेजारच्याकडे बघत नाही.

काकांना परवा परत बसवलं होतं. बोपदेव चढून सासवडपर्यंत गेलो, मिसळ खाल्ली, आलो. येताना त्यांनी गाडी मागितली, मी दिली. पहिल्याच गियरला त्यांची मान मागे गेली. "तुझ्या गाडीला रेस फार लवकर चढते," म्हणाले, आणि पुढे अख्खा घाट एकही हिसका न देता, खिडकीवर कोपर टेकून उतरले.

बाबांनी यंदा मूर्ती आणायला रिक्षाच सांगितली. कसब्यात पार्किंग मिळत नाही म्हणे.